चूक दुसऱ्याची, बोनस आपला: मोटारसायकल विम्यातील एका नियमाचा इतिहास

१/
बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि धारूरहून माजलगावकडे जाणारा रस्ता तेलगाव येथे एकमेकांना छेदतात. गावालगत लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या जोडट्रॉल्या, ट्रक, टायरबैलगाड्या, एसटी आणि मोटारसायकली या चौकातून एकाच वेळी वाट काढू लागतात. अशा ठिकाणी मोटारसायकलस्वाराची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीला धक्का बसला, तर त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. तो स्वतःच्या विम्यातून गाडी दुरुस्त करून घेतो आणि पुढच्या नूतनीकरणाला त्याचा नो क्लेम बोनस शून्यावर आलेला असतो. निर्दोष माणसाला हा भुर्दंड का पडतो, याचे उत्तर विम्याच्या जवळपास शतकभराच्या इतिहासात आहे. #थ्रेड

२/
या इतिहासात दोन प्रवाह आहेत. पहिला कायद्याचा. अपघात झाला की कायदा विचारतो, 'चूक कोणाची?' दुसरा विमा कंपनीच्या खतावणीचा. खतावणी विचारते, 'या वर्षी आमच्याकडून पैसे घेतले का?' नो क्लेम बोनस हा दुसऱ्या प्रवाहात जन्मला आणि तिथेच वाढला. त्याच्या नावात 'क्लेम' हा शब्द आहे, 'दोष' हा नाही. सर्वसाधारण समज मात्र असा, की हे चांगल्या चालकाला मिळणारे बक्षीस आहे. सगळा गोंधळ या समजातून सुरू होतो.

३/
सुरुवात ब्रिटनपासून करावी लागते, कारण भारतातील मोटार विम्याचा साचा तिथूनच आला. १९३० साली ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली. मोटारीखाली सापडलेल्या माणसाने खटला जिंकला तरी मोटारवाल्याकडे पैसा नसेल तर त्याच्या हाती कोरा हुकूमनामाच उरत असे. त्या वर्षीच्या रोड ट्रॅफिक ॲक्टने म्हणूनच त्रयस्थ व्यक्तीच्या इजेपुरता विमा सक्तीचा केला. मोटारवाल्याच्या स्वतःच्या गाडीचे काय, या प्रश्नात कायदा पडला नाही. तो भाग करारावर आणि बाजारावर सोडला गेला.

४/
ही फाळणी आजही प्रत्येक पॉलिसीच्या कागदावर दिसते. एका रकान्यात थर्ड पार्टी प्रीमियम असतो, दुसऱ्यात ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम. पहिला भाग कायद्याच्या सक्तीने घ्यावा लागतो, दुसरा ऐच्छिक असतो. नो क्लेम बोनस फक्त दुसऱ्या भागावर मिळतो. ज्याच्याकडे केवळ थर्ड पार्टी विमा आहे त्याला बोनस नसतोच. त्यामुळे तो गमावण्याचा प्रश्नही त्याच्यापुढे येत नाही.

५/
ब्रिटिश हिंदुस्थानात १९३६-३७ मध्ये मोटार विम्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यातील सक्तीच्या विम्याचे आठवे प्रकरण मात्र लगेच लागू झाले नाही. मधल्या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले, आणि प्रकरण अमलात आले ते १ जुलै १९४६ पासून. म्हणजे मोटार विम्याची सक्ती स्वातंत्र्याच्या जेमतेम वर्षभर आधीची आहे.

६/
तेलगाव त्या वेळी या कायद्याच्या प्रदेशातच नव्हते. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १९३२ साली रेल्वे खात्याच्या जोडीने स्वतःची बससेवा सुरू केली होती. खासगी मोटारी मात्र मूठभरांच्याच दारी होत्या. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. पुण्याच्या आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या त्या याच सुमारास. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना निघाला आणि दुचाकी हे मराठवाड्याच्या घरातील नित्याचे वाहन होत गेले.

७/
आता खतावणीचा प्रवाह. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतच ब्रिटिश विमा कंपन्यांच्या एक गोष्ट ध्यानी आली होती. मोठे अपघात थोडे, बारीकसारीक क्लेम फार. मडगार्डला पोच आली, दिवा फुटला, रंग खरवडला. अशा प्रत्येक क्लेमसाठी अर्ज, पाहणी, पत्रव्यवहार आणि कारकुनाचा वेळ लागे. कधी कधी तपासाचा खर्च भरपाईच्या जवळ जाई. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी सांगितले की वर्षभर काही मागितले नाही तर पुढच्या वर्षी प्रीमियममध्ये सूट मिळेल. ग्राहकाने किरकोळ खर्च स्वतः सोसावा, हा या सुटीमागचा व्यवहार होता. सूट सावध चालकाला आपोआप अधिक मिळे हे खरे, पण कंपनीने मोजमाप सावधपणाचे केले नव्हते.

८/
याच्या जोडीला आला कंपन्यांमधला एक करार, 'नॉक फॉर नॉक'. दोन विमेदारांच्या गाड्या एकमेकांवर आदळल्या की खरे तर चूक कोणाची हे ठरवून एका कंपनीने दुसरीकडून वसुली करायची. पण आज एक जात्यात तर उद्या दुसरी, हा हिशेब वर्षअखेरीस जवळपास सारखाच सुटतो. मग वकिलांवर खर्च कशाला? म्हणून कंपन्यांनी ठरवले की प्रत्येकीने आपापल्या विमेदाराची गाडी दुरुस्त करून द्यावी आणि एकमेकींकडे मागू नये. भारतातील कंपन्यांमध्येही ही पद्धत रुजली.

९/
कंपन्यांच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. तिची किंमत मात्र निर्दोष विमेदाराने मोजली. त्याची गाडी त्याच्याच पॉलिसीतून दुरुस्त झाली, म्हणजे त्याच्या नावावर क्लेम लागला. कंपनीने चूक करणाऱ्याकडून वसुली केलीच नाही, म्हणजे तो क्लेम खतावणीतून पुसला जाण्याचा मार्गही उरला नाही. दोष कोणाचा हे ठरवण्याची गरज कंपन्यांनी आपापसात संपवली होती, पण बोनस कापण्याची पद्धत तशीच चालू राहिली.

१०/
हा अन्याय इंग्लंडच्या न्यायालयांपुढेही गेला. १९३६ च्या मॉर्ले विरुद्ध मूर या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की नॉक फॉर नॉक हा कंपन्यांचा आपसातील करार आहे. त्याने विमेदाराचा, चूक करणाऱ्यावर दावा लावण्याचा हक्क बुडत नाही. १९६४ च्या आयर्नफील्ड विरुद्ध ईस्टर्न गॅस बोर्ड या खटल्यात पुढचे पाऊल पडले. अपघातामुळे बुडालेला नो क्लेम बोनस हेही नुकसानच आहे आणि ते चूक करणाऱ्याकडून वसूल करता येते, असे ठरले. म्हणजे खतावणीने न विचारलेला प्रश्न न्यायालयाने विचारला. पण त्यासाठी माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

११/
गणितज्ञांचेही लक्ष या सुटीकडे गेले. १९५७ साली स्थापन झालेल्या 'ॲस्टिन' या विमागणितींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५९ मध्ये फ्रान्समधील ला बोल येथे पहिली परिषद भरवली, आणि तिचा विषयच नो क्लेम सूट हा होता. पुढे या अभ्यासात 'बोनसची भूक' असा शब्दप्रयोग रूढ झाला. सूट जाईल या धास्तीने माणूस हक्काचा क्लेमही करत नाही, अपघात स्वतःच्या खिशात जिरवतो, ही ती भूक. कंपनीच्या आकड्यांत तो अपघात कधी घडलेलाच नसतो.

१२/
भारतात या नियमाला एकसारखे रूप आले ते दरपत्रकामुळे. १९६८ च्या दुरुस्तीने टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीला वैधानिक आधार मिळाला. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या: कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. यांपैकी न्यू इंडिया ही दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये स्थापलेली. चारही कंपन्यांचे मोटार विम्याचे नियम दरपत्रकाने बांधलेले असल्याने ग्राहकाने एक सोडून दुसरी धरली तरी त्याला बोनसची तीच शिडी चढावी लागे.

१३/
२००२ च्या मोटार दरपत्रकातील शिडी आजही बहुतेक पॉलिसींत तशीच दिसते. क्लेमविना एक वर्ष गेले की २० टक्के, सलग दोन वर्षांना २५, तीन वर्षांना ३५, चार वर्षांना ४५ आणि पाच वर्षांना ५० टक्के. अट एवढीच, की सरत्या पूर्ण वर्षात क्लेम केलेला नसावा आणि प्रलंबितही नसावा. चूक कोणाची होती याचा उल्लेख त्या अटीत नाही. मधल्या वर्षी एकदा क्लेम केला की शिडीची एकच पायरी खाली येत नाही, थेट जमिनीवर यावे लागते.

१४/
या नियमाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. जुनी मोटारसायकल विकून नवी घेतली तर विमा कंपनीकडून बोनसचे पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो. जुनी गाडी घेणाऱ्याला तो मिळत नाही. विमेदाराचा मृत्यू झाला आणि गाडी पत्नी, पती, मुले किंवा आईवडील यांच्या नावावर आली तर बोनसही त्यांच्याकडे येतो. मात्र पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर वर्षानुवर्षांचा बोनस बुडतो. हंगामात घर बंद करून सहा महिने फडावर राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या जिल्ह्यात ही ९० दिवसांची अट शहरातल्यापेक्षा अधिक जाचक ठरू शकते, हे उघड आहे.

१५/
आता पुन्हा कायद्याच्या प्रवाहाकडे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा प्राधिकरणांची तरतूद झाली. दिवाणी न्यायालयातील लांबलचक खटल्याऐवजी अपघातग्रस्ताला सुटसुटीत मार्ग मिळावा, हा हेतू. १९६९ च्या दुरुस्तीने त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसानही या कक्षेत आले आणि त्यासाठी सक्तीच्या विम्याची मर्यादा दोन हजार रुपये ठेवली गेली. दुसऱ्याची मोटारसायकल हीसुद्धा 'त्रयस्थाची मालमत्ता'च. पुढे ही मर्यादा सहा हजार झाली, आणि १९८८ च्या नव्या कायद्यातही आकडा सहा हजारच राहिला.

१६/
प्राधिकरण आले तरी मूळ प्रश्न तोच होता: चूक सिद्ध करा. मुंबईतील एका अपघातावरून मिनू मेहता खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते की वाहनामुळे इजा झाली एवढे पुरे, निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. जानेवारी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले. चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाईची जबाबदारी नाही, असे त्या निकालाने ठरले. मुंबई उच्च न्यायालय काळाच्या पुढे गेले होते. पण कायद्याचा मजकूर तिथवर पोहोचलेला नव्हता.

१७/
तो पोहोचायला पाच वर्षे लागली. १ ऑक्टोबर १९८२ पासून कायद्यात ९२-अ हे कलम आले. मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये, चूक कोणाची हे न पाहता. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व मोठे होते. ज्याच्या घरातला कमावता माणूस रस्त्यावर गेला त्याला पहिला आधार मिळण्यासाठी दोषाचा निवाडा होईपर्यंत थांबावे लागू नये, हे भारतीय मोटार कायद्याने प्रथमच मान्य केले.

१८/
या कलमाची मोठी कसोटी लागली ती महाराष्ट्रातच. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ, राष्ट्रीय महामार्ग ४ वर पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर कलंडला, पेट्रोल गळू लागले, आजूबाजूचे लोक जमले आणि सुमारे चार तासांनी स्फोट झाला. त्यात माणसे होरपळून मेली. टँकर तर उभाच नव्हता. मग हा 'वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात कसा, असा बचाव घेतला गेला. साताऱ्याच्या प्राधिकरणाने दावा फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे मत कायम केले. चूक न पाहता द्यायच्या भरपाईचा अर्थ उदारपणेच लावला पाहिजे, हे त्यातून निश्चित झाले.

१९/
त्यानंतर आकडे वाढत गेले. १९८८ च्या कायद्यात २५,००० आणि १२,०००. १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००. २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बाबतीतही त्याच दिवसापासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळू लागले. मानवी देहाच्या बाबतीत कायदा चार दशकांत दोषाच्या प्रश्नापासून बराच दूर सरकला.

२०/
पण वाकलेल्या मोटारसायकलच्या बाबतीत तो सरकला नाही. हाडे शाबूत राहिली आणि फक्त गाडी मोडली, तर निर्दोष स्वारापुढे दोनच वाटा उरतात. एक, समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यावर प्राधिकरणात दावा. तिथे समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते, तारखा पडतात, तेलगावच्या माणसाला कामधंदा सोडून न्यायालयाच्या गावी खेटे घालावे लागतात. दोन, स्वतःच्या ओन डॅमेज विम्यावर क्लेम. सर्व्हेअर येतो, गॅरेजचे अंदाजपत्रक मंजूर होते, थोड्याच दिवसांत गाडी हाती येते. पहिल्या वाटेने गेले तर बोनस शाबूत राहतो, कारण क्लेम आपल्या पॉलिसीवर नसतो. दुसरीने गेले तर बोनस जातो. बहुतेकांसाठी पहिली वाट केवळ कागदावरची.

२१/
दुसऱ्या वाटेचा खर्च आकड्यांत मांडला म्हणजे चित्र स्पष्ट होते. उदाहरणापुरते धरा, मोटारसायकल पाच वर्षांहून थोडी जुनी आहे, ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला आहे. स्वार ५०० रुपये भरतो. क्लेम केल्यावर पुढील पाच नूतनीकरणांना तो अनुक्रमे १,०००, ८००, ७५०, ६५० आणि ५५० भरेल आणि सहाव्याला पुन्हा ५०० वर येईल. प्रीमियम स्थिर धरला तर जादा भरणा झाला ५०० + ३०० + २५० + १५० + ५०, म्हणजे १,२५० रुपये. पन्नास टक्क्यांवरून केलेल्या एका क्लेमची किंमत पूर्ण वर्षाच्या मूळ प्रीमियमच्या सव्वापट.

२२/
आता गॅरेजचे बिल. पुढचा चिमटा वाकला, हेडलाइटचा काऊल आणि मडगार्ड फुटले. बिल ३,००० रुपये: प्लास्टिकचे भाग १,२००, लोखंडी भाग १,२००, मजुरी ६००. दरपत्रकाच्या नियमाने प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, पाच वर्षांवरील गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के. कंपनीकडून येतील ६०० + ७२० + ६००, म्हणजे १,९२० रुपये, आणि त्यातूनही सक्तीची कपात वजा होईल. यातून बोनसचे १,२५० वजा केले तर निर्दोष स्वाराच्या पदरात पडतात जेमतेम ६७० रुपये. उरलेला सगळा भार त्याचाच. ला बोलच्या परिषदेत चर्चिली गेलेली सूट तेलगावच्या गॅरेजात अशी उतरते. हिशेब जाणणारा स्वार मग क्लेम करतच नाही.

२३/
धक्का कोणी दिला यावरही बरेच अवलंबून आहे. ट्रॅक्टर किंवा ट्रकचा विमा चालू असेल तर त्याच्या विमा कंपनीवर दावा लागतो. एसटीची गोष्ट वेगळी. कायद्याने राज्य परिवहन उपक्रमांना, भरपाईसाठी स्वतःचा निधी ठेवल्यास, विम्याच्या सक्तीतून सूट मिळू शकते, त्यामुळे एसटीच्या धडकेत दावा महामंडळावरच होतो. आणि टायरबैलगाडी? ती कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच नाही. तिच्यामागे थर्ड पार्टी विमा नाही, प्राधिकरणही नाही. अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या बैलगाडीचा धक्का बसला तर दिवाणी दावा किंवा स्वतःचा विमा, एवढेच. आणि गाडीवान तर मोटारसायकलवाल्याहूनही गरीब. त्याच्याकडे मागायचे तरी काय?

२४/
२००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले. थर्ड पार्टीचे दर मात्र नियामकाकडे, आणि आता केंद्र सरकारकडे, राहिले. १ जून २०२२ पासून ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी हा दर ७१४ रुपये झाला. दर खुले झाल्यावर कंपन्यांनी 'बोनस संरक्षण' हे जादा कवच विकायला काढले. थोडे अधिक पैसे भरा, मग ठरावीक क्लेमपर्यंत बोनस शाबूत राहील. इतिहासाच्या नजरेने पाहिले तर हे चमत्कारिक आहे. दुसऱ्याच्या चुकीने आपली सूट जाऊ नये, यासाठीही निर्दोष माणसानेच पैसे भरायचे.

२५/
सप्टेंबर २०१८ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. पीडिताच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते, कारण रस्त्यावरील विनाविमा दुचाकींची संख्या हा जुनाच प्रश्न. पण सक्ती पुन्हा थर्ड पार्टीचीच. १९३० मध्ये पडलेली रेष २०१८ मध्येही जागची हलली नाही.

२६/
मग निर्दोष स्वाराच्या हाती काय उरते? इतिहासातून निघणारी काही व्यवहारी सूत्रे आहेत. धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक, जागेवरची छायाचित्रे आणि पोलीस पंचनामा हाच दोषाचा पुरावा. तो नसेल तर पहिली वाट बंदच होते. प्राधिकरणात जायचे तर मुदत पाहावी. १९८८ च्या कायद्यातील सहा महिन्यांची मर्यादा १९९४ मध्ये उठली होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने परत आली आहे. क्लेम करण्यापूर्वी घसारा आणि बोनस यांचा वरील हिशेब कागदावर करावा. आणि एकाच नुकसानीची भरपाई दोन ठिकाणांहून मिळत नाही हे ध्यानात ठेवून, कंपनीने न दिलेला भाग समोरच्याकडे मागता येतो का, हे वकिलाला विचारावे.

२७/
त्या मागणीत बुडालेला बोनसही मांडावा का? १९६४ चा इंग्लिश निकाल भारतीय प्राधिकरणावर बंधनकारक नाही. पण त्यामागचा विचार साधा आणि पटणारा आहे. अपघात झाला नसता तर ही सूट राहिली असती, म्हणून ती गेल्याचे नुकसान अपघाताचेच. रक्कम हजार-बाराशेची असते, म्हणून तिच्यासाठी कोणी भांडत नाही, आणि कोणी भांडत नाही म्हणून नियम तसाच राहतो. वैयक्तिक पातळीवर क्षुल्लक आणि एकत्रितपणे प्रचंड, अशा नुकसानींचा इतिहास सहसा लिहिला जात नाही.

२८/
मिनू मेहता खटल्यापासून कवठ्याच्या टँकरपर्यंतचा प्रवास सांगतो की कायदा बदलू शकतो. १९७७ मध्ये अमान्य झालेला विचार १९८२ मध्ये कलम झाला, कारण मेलेल्या माणसांच्या कुटुंबांनी तो प्रश्न न्यायालयांपुढे पुन्हा पुन्हा नेला. बोनसच्या नियमाला असे कोणी वाली मिळालेले नाहीत. तो नियम दुष्टपणे रचलेला नाही. कारकुनी खर्च वाचवण्याच्या सोयीतून तो जन्मला आणि सवयीने टिकला. समोरच्याची चूक पोलीस पंचनाम्यात स्पष्ट नोंदवलेली असेल, तर त्या क्लेमने बोनस जाऊ नये, एवढी एक ओळ अटीत घालायला फार मोठी क्रांती लागत नाही. ती ओळ येईपर्यंत गळीत हंगामात तेलगावच्या चौकातून जाणाऱ्या प्रत्येक स्वाराने एवढे जाणून असावे: त्याच्या पॉलिसीतला बोनस त्याच्या निर्दोषपणाची नोंद ठेवत नाही, केवळ त्याच्या मौनाची ठेवतो.

लेखनसीमा.